एक्केचाळिसावं वाक्य

१

आमच्या संसारात कामाची वाटणी सरळ आहे. जीप बायको चालवते, रस्ता मी चुकवतो.

बायकोचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. नवशिक्यांच्या शेजारी बसून दिवसभर "क्लच, अहो क्लच!" करून तिचा घसा बसतो. म्हणून वर्षातून एकदा ती आपली जुनी जीप काढते आणि डांबर संपतं तिथून पुढे, डोंगरातल्या कच्च्या वाटांवर दोन दिवस भटकते. तिथे तिला एकच चैन हवी असते. सूचना दुसऱ्या कुणीतरी द्यायच्या आणि आपण नुसत्या ऐकायच्या. तो दुसरा म्हणजे मी. गेली बावीस वर्षं तिच्या डाव्या बाजूच्या सीटवर मी मांडीवर नकाशा घेऊन बसत आलो आहे.

सांगितलेलं वळण बरोबर निघालं की ती गिअरवरचा डावा हात काढायची आणि माझ्या गुडघ्यावर दोनदा थोपटायची. बोलायची नाही, माझ्याकडे बघायचीही नाही. डोळे रस्त्यावर आणि हात नेमका गुडघ्यावर. या दोन थापांसाठी मी बावीस वर्षं कंबरेचा भुगा करून घेतला, आणि त्याचं मला कधीच काही वाटलं नाही.

गेल्या वर्षी डोंगरातल्या एका तळ्याकडे जाताना फोनची रेंज गेली, नकाशा कोरा झाला, आणि मी ठणकावून "डावीकडे" म्हणालो. डावीकडे कोरडा ओढा होता. रात्र आम्ही त्याच ओढ्यात काढली. सकाळी ट्रॅक्टर आला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "पुढच्या वेळी चुकलात तर पुढे माझा भाऊ बसेल. तुम्ही मागे, सामानाशेजारी."

तिच्या भावाला घरात सगळे होकायंत्र म्हणतात. तो जन्मात कधी रस्ता चुकलेला नाही, आणि हे तो दर जेवणात एकदा तरी सांगतो. परतीच्या वाटेवर मी सात वळणं बरोबर सांगितली. तिचा हात गिअरवरून हलला नाही.

२

मी अवजारांच्या कारखान्यात स्टोअरकीपर आहे. नट, बोल्ट, वॉशर मोजण्यात माझी हयात गेली. वाटेत मी चुकतो, मोजण्यात चुकत नाही, हे कृपया लक्षात ठेवावं. पुढे त्याचं काम पडणार आहे.

तर मी ठरवलं, यंदा फोन नाही. चांगला दणकट लॅपटॉप घ्यायचा आणि त्यात चांगलं नकाशाचं सॉफ्टवेअर घालायचं. मी मोठा कागद घेतला, रकाने आखले. उन्हात पडदा दिसतो का. जीप आदळली तर टिकतो का. धूळ आत जाते का. जीपच्या सॉकेटवर चार्ज होतो का. रेंज नसताना जीपीएस चालतं का. अकरा लॅपटॉप, चौदा रकाने. कागद जेवणाच्या टेबलावर अंथरलेला असे, आणि पाच महिने आम्ही दोघं ताटं त्याच्या कडेकडेने ठेवून जेवलो.

"लग्नाच्या वेळी मला बघायला आलात तेव्हा किती रकाने होते?" बायकोने विचारलं.

"दोन."

"आणि?"

"दोन्हीत टिक होती."

ती हसली नाही, पण आमटी वाढली.

दुकानदार मात्र मला पाहिलं की मागच्या खोलीत जाऊ लागला होता. सोळाव्या फेरीला त्याने एक करडा, जाडजूड लॅपटॉप कपाटातून काढला, माझ्या डोळ्यांसमोर फरशीवर आपटला, उचलला आणि चालू करून दाखवला. "साहेब, याच्यावर हत्ती नाचवा. पण आज घ्या, नाहीतर मी दुकान बदलतो."

मी म्हटलं, हा आपटलेला नको. त्याने कपाळाला हात लावला आणि नवा खोका आणला. खोक्याचं सील मी स्वतः फोडलं. हेही मुद्दाम सांगतो. तो लॅपटॉप माझ्याआधी कुणी वापरलेला नव्हता, कुणी त्याच्यावर मेलेलं नव्हतं. तसलं काही त्यात नाही.

३

सॉफ्टवेअर तीन पाहिली. पहिल्याचा नकाशा इतका देखणा की फ्रेम करून भिंतीवर लावावा, पण रेंज नसली की ते हातपाय गाळायचं. दुसऱ्यात डोंगराचा उतार वीतभरसुद्धा चुकत नव्हता, पण एक वाट उघडायला अकरा बटणं दाबावी लागत. तेवढ्यात माणूस दरीत जाईल. तिसरं दिसायला अगदीच गबाळं. पण नकाशे त्याच्या पोटात राहत, वाट एका बटणावर उघडे, आणि त्यात एक सोय होती. सूचनांसाठी आपला स्वतःचा आवाज भरता येत असे.

ती सोय निर्णायक ठरली. कारण आधीच्या दोन्हींत एक बाई बोलायची. फार मंजुळ.

"माझ्या गाडीत मला परकी बाई सांगणार, दोनशे मीटरवर वळ म्हणून?" बायको म्हणाली. "मी मुद्दाम वळणार नाही. गाडीत मी एकाच माणसाचं ऐकते. तो चुकतो, पण माझा आहे."

हे तिने भाजी निवडता निवडता सांगितलं. मी तिसऱ्या सॉफ्टवेअरच्या रकान्यात तीनदा टिक केली.

४

रविवारी दुपारी मी आवाज भरायला बसलो. हॉलमध्ये पंख्याची कुरकुर होती, बेडरूममध्ये घुमत होतं. शेवटी कपड्यांच्या कपाटात शिरलो, दार आतून ओढून घेतलं आणि हिवाळी कोटांच्या मध्ये उकिडवा बसलो. तिथे आवाज अगदी कोरडा आणि स्वच्छ येत होता, फक्त डोक्याला हँगर लागले की किणकिण व्हायची.

वाक्यांची यादी कागदावर केली होती. "डावीकडे घे." "उजवीकडे घे." "सरळ." "हळू, पुढे खड्डा." बरोबर चाळीस. चाळिसावं होतं, "शाबास, पोचलो."

बायको कपाटाबाहेर पलंगावर बसून ऐकत होती. "जरा प्रेमाने म्हणा की! पोलिसासारखं काय डावीकडे घे?"

"डावीकडे घे गं," मी कोटांमधून म्हणालो.

"हं. आता कसं!"

तासाभराने घामाघूम होऊन बाहेर आलो आणि सवयीने मोजलं. पडद्यावर आकडा होता एक्केचाळीस.

मी कागद पडताळला. कागदावर चाळीस. यंत्रात एक्केचाळीस. एखादं दोनदा भरलं गेलं असेल म्हणून कानाला हेडफोन लावले आणि पहिल्यापासून ऐकत गेलो. चाळीसपर्यंत माझा आवाज, कोट आणि हँगरची किणकिण.

एक्केचाळिसाव्यात कोट नव्हते. मोकळी हवा होती. मागे एक इंजिन उभ्या उभ्या घरघरत होतं. मग माझाच आवाज, अगदी निवांत.

"उतर खाली. पुढे जाऊन बघ."

मग इंजिनाच्या घरघरीत बुडालेलं काही बोलणं, मग खडीवर पावलं. जरा वेळ काही नाही. मग धाड, धाड, असे दोन आवाज. मग पुन्हा काही पुटपुटल्यासारखं, मग इंजिन पुढे गेलं आणि अगदी शेवटी, लांबून, कुणीतरी ओरडल्यासारखं. शब्द कळले नाहीत.

गाडीतून उतरून वाट बघायचं काम माझं, आणि मला "उतर" असं एकेरीत बोलणारं जगात कुणी उरलेलं नाही. मीच काय तो, चष्मा विसरलो की स्वतःला तसा दम देतो.

५

माणसाने डोकं शांत ठेवावं. मी ठेवलं. कपाटात हवा कमी होती, गुंगी आली असेल, गुंगीत बडबडलो असेन. इंजिन म्हणजे खाली रस्त्यावरचा ट्रक. धाड धाड म्हणजे शेजाऱ्याचं दार. खडीवरच्या पावलांचं कारण लगेच सापडलं नाही, पण प्रत्येक गोष्टीचं कारण त्याच दिवशी सापडायला हवं असा काही नियम नाही.

मी ते वाक्य पुसून टाकलं. चाळीस झाले. सकाळी दात घासता घासता पाहिलं, तर एक्केचाळीस.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडची मुलगी फारच अदबशीर होती.

"सर, तुम्हाला किती दिसतात?"

"एक्केचाळीस. पण मी चाळीसच भरली आहेत."

बटणांचा आवाज आला. "सर, भरल्याची तारीख बघते हं. चाळीस या रविवारची आहेत. आणि एक पुढच्या महिन्यातल्या अठरा तारखेचं. सकाळी अकरा वीस."

"अठरा तारीख अजून यायची आहे."

"हो सर," ती म्हणाली. "तुमच्या मशीनचं घड्याळ तपासून घ्या. आणखी काही मदत करू शकते का?"

घड्याळ बरोबर होतं. आणि अठरा तारखेला, शनिवारी, आम्ही निघणार होतो.

शेवटी लाज गुंडाळून मी ते होकायंत्राला ऐकवलं. तो कान लावून बसला, भुवया वर.

"भावोजी, आवाज तुमचाच आहे. पण दम कुणाला देताय?"

"काही नाही, सहज."

"आणि मागे ओरडतंय कोण?"

"शेजारी असेल."

"कपाटात शेजारी?" तो म्हणाला, आणि मग खाजगी आवाजात, "हे बघा, ताण येत असेल तर सांगा. पुढे बसायला मी आहेच. ताईला मी समजावतो."

म्हणून मी बायकोला काही सांगितलं नाही. सांगायला गेलो असतो तर ती म्हणाली असती, राहू दे, भावाला बोलावते. भुताला मी भितो, नाही असं नाही. पण मागच्या सीटवर सामानाशेजारी बसून दुसऱ्या कुणाच्या गुडघ्यावर थाप पडताना बघण्याची भीती त्याहून मोठी होती, मग तो गुडघा तिच्या सख्ख्या भावाचा का असेना.

अठरा तारखेला पहाटे निघण्याआधी मी ते वाक्य अकराव्यांदा पुसलं. आकडा पाहिला. चाळीस. लॅपटॉप मिटला आणि त्याच्यावर हात ठेवूनच जीपपर्यंत गेलो.

६

प्रवास सुरेख झाला. डांबर संपलं, धूळ सुरू झाली, आणि लॅपटॉप माझ्या मांडीवर माझ्याच आवाजात बोलू लागला. "डावीकडे घे गं." पहिलं वळण बरोबर. "हळू, पुढे खड्डा." खड्डा होता. बायकोने तो चुकवला आणि ओठ मुडपले. तिला कौतुक वाटलं की ती असंच करते.

तिसरं वळण अवघड होतं, झुडपांत लपलेलं. तेही बरोबर निघालं. तिचा डावा हात गिअरवरून उठला. मी गुडघा जरा पुढे केला. हात हवेत क्षणभर थांबला, मग पुढे गेला आणि काचेवरची धूळ पुसायला वायपर लावून परत गिअरवर आला. हरकत नाही, म्हटलं मी. उठला तरी.

पुढे एका मोठ्या दगडाशी वाट फुटली. पडद्यावर एकच वाट होती, जमिनीवर दोन. डावी उतरून झाडीत शिरत होती, उजवी दगडाला वळसा घालून चढत होती. बायकोने ब्रेक दाबला. इंजिन उभ्या उभ्या घरघरत राहिलं.

अशा ठिकाणी आमची रीत ठरलेली आहे. रस्ता सांगणारा खाली उतरतो, चालत पुढे जाऊन बघतो, मग गाडी हलते. मी रीतीप्रमाणे दाराकडे हात नेला, आणि तेवढ्यात मांडीवरून आवाज आला.

"उतर खाली. पुढे जाऊन बघ."

बायको भडकली. "मी कशाला उतरू? स्टिअरिंग कोण धरणार? तुम्ही उतरा!"

"मी नाही बोललो."

"मग कोण बोललं?"

मी लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

"त्यात तुम्हीच भरलंय ना सगळं? कपाटात बसून?"

पडद्याच्या कोपऱ्यात अकरा वीस झाले होते. सगळं सांगून टाकायची हीच वेळ होती. सांगितलं असतं, तर तिने तिथल्या तिथे जीप वळवली असती, मला दवाखान्यात नेलं असतं आणि पुढच्या वर्षी होकायंत्र या सीटवर बसला असता. मी लॅपटॉप सीटवर ठेवला आणि उतरलो. दार मी उघडंच ठेवलं. याची मला खात्री आहे, कारण ते दार एका झटक्यात कधी लागत नाही. दोनदा आपटावं लागतं.

खडीवर माझी पावलं वाजत होती. डाव्या वाटेने तीस पावलं गेलो. तिसाव्या पावलाला झाडी संपली आणि त्याबरोबर वाटही संपली. खाली चांगली दोन पुरुष खोल घळ होती. उतरलो ते बरं झालं, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, अभिमानही वाटला. मी वळलो. मनात वाक्य तयार होतं, उजवीकडे घे गं.

धाड, धाड.

"उजवीकडे घे गं," कुणीतरी म्हणालं. माझ्याच आवाजात, पण मला कपाटात एकदाही जमलं नव्हतं इतक्या प्रेमाने.

जीप हलली. दगडाला वळसा घालताना तिची डावी बाजू क्षणभर माझ्याकडे झाली. डावी खिडकी उघडी होती आणि तिच्यावर एक कोपर टेकलेला होता. निळ्या चौकड्याची बाही, कोपराजवळ जरा विरलेली. खिडकीवर कोपर टेकवून बसायची खोड कुणाची आहे, ते मला ठाऊक आहे. मी माझे दोन्ही कोपर चाचपून पाहिले. होते. निळ्या चौकड्याच्या बाह्यांत होते, डावी बाही जराशी विरलेली.

"अगं, थांब!" मी ओरडलो.

आणि तोंडातून आवाज गेल्यावर तो मी ओळखला. महिनाभर ऐकत होतो. शब्द तेवढे आत्ता कळले.

७

वीस मिनिटांनी जीप परत आली. बायको खाली उतरली तीच हसत. हसता हसता तिने बॉनेटला टेकून डोळे पुसले.

"अहो, कमाल झाली! दार लागलं, तुम्ही म्हणालात उजवीकडे, मी घेतलं. या चढावर मान वळवायची सोय आहे का? पुढची दोन्ही वळणं चोख सांगितलीत. मग मी पाणी मागितलं तर गप्प. बघते तर सीट रिकामी!" तिला पुन्हा हसू फुटलं. "कॉम्प्युटरला नवरा समजून चालले होते मी!"

मीही हसलो. पटण्यासारखं होतं. आवाज यंत्राचा, दार उतारामुळे आपोआप लागलं असेल, कोपर म्हणजे उन्हाची तिरीप. सगळ्याला कारण सापडत गेलं.

"आणि तू," मी विचारलं, "थोपटलंस?"

ती जराशी लाजली. "वळणं बरोबर होती ना."

कशावर, ते मी विचारलं नाही.

"चला, बसा. उन्हं चढतायत."

मी डावं दार उघडलं. लॅपटॉप सीटवर नव्हता. सीटपासून वीतभर वर, कुणाच्यातरी मांडीवर असावा तसा, दोन्ही बाजूंनी सीटबेल्टच्या पट्ट्यात अडकलेला होता. पट्टा लावलेला होता आणि चांगला फुगून ताणलेला होता. मी बोट पुढे केलं आणि मागे घेतलं.

"पाय अवघडलेत," मी म्हणालो. "जरा मागे बसतो."

"मागे? सामानाशेजारी?" ती आश्चर्याने म्हणाली. "तुम्ही स्वतःहून?"

"हो. जरा पसरून बसतो."

तिने खांदे उडवले. मी मागे, तंबू आणि पाण्याच्या कॅनच्या मध्ये शिरलो. पुढचं दार मी लावलं नव्हतं. लागल्याचा आवाज दोनदा आला. ती इंजिन चालू करत होती, तिचं लक्ष नव्हतं.

"सरळ," पुढून माझा आवाज म्हणाला. आम्ही सरळ गेलो. "हळू, पुढे खड्डा." खड्डा होता. मग एक वळण आलं, दोन झाडांमधून जाणारं. मला विचाराल तर मी शंभर टक्के डावीकडे म्हणालो असतो.

"उजवीकडे घे गं."

तिने उजवीकडे घेतलं. झाडी बाजूला झाली आणि समोर एकदम तळं आलं. गेल्या वर्षी ज्याच्यापर्यंत मी तिला पोचवू शकलो नव्हतो तेच. उन्हात चमकत होतं. तिचा चेहरा मला आरशात दिसला. बावीस वर्षांपूर्वी दिसायचा तसा दिसत होता.

"शाबास, पोचलो."

तिचा डावा हात गिअरवरून उठला. डोळे तळ्यावरच होते. हात शेजारच्या सीटकडे गेला आणि खाली आला. सीटपर्यंत मात्र गेला नाही. सीटच्या वर, गुडघा असतो तेवढ्या उंचीवर अडला, आणि तिथेच त्याने दोनदा थोपटलं. थापेचा आवाज आला, कापडावर पडल्यासारखा.

मागे, सामानाशेजारी, मी माझे दोन्ही गुडघे हातांनी घट्ट धरून बसलो होतो. त्यांना काहीच लागलं नव्हतं.